परक्याचा सल्ला आणि आपलें घर

मंगळवार पेठेंतील आमच्या घराचें आढें एका पावसाळ्यांत खचूं लागलें, तेव्हां "बाहेरच्या माणसाचा सल्ला घ्यावा काय?" हा विषय घरांत प्रथमच निघाला. कुटुंब एकत्र, स्वयंपाक एक असला तरी मतें अनेक. काकांस वाटे, पेठेंतील ओळखीचा गवंडी पुरे. दादांचें म्हणणें, एवढ्या जुन्या घरास हात लावावयाचा तर शिकलेला माणूसच हवा. अखेर परगांवचे एक गृहस्थ आले. माणूस हुशार, नकाशाहि सुबक. परंतु घर रिकामें करून जाण्यास जागा कोणास होती? स्वयंपाकघर परसांत पत्र्याखालीं हलविलें, आणि वळवाच्या पहिल्याच सरींत शेगडीपुढें घोटाभर पाणी सांचलें. परसांतील पाणी कोणत्या अंगास वाहतें हें घरांतील प्रत्येक बाईस ठाऊक होतें. पण त्यांस कोणीं विचारलेंच नव्हतें! दोष त्या गृहस्थांचा एकट्याचा नव्हता. त्यांस सकाळीं काका एक सांगत, दुपारीं दादा दुसरें सांगत, आणि त्या दोहोंच्या मध्यें जें झालें तें कोणाचेंच नव्हतें.

ह्या घरगुती अनुभवाची आठवण आम्हांस उजळाईवाडीच्या विमानतळावर झाली. छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत १९३९ सालीं उभा राहिलेल्या ह्या विमानतळानें बरेच चढउतार पाहिले आहेत. २०११ च्या अखेरीस बंद पडलेलीं नियमित विमानें २०१८ सालीं उडान योजनेखालीं पुन्हां सुरू झालीं. जुनी इमारत अपुरी पडूं लागली, म्हणून नवी बांधण्यांत आली व १० मार्च २०२४ रोजीं तिचें उद्घाटन झालें. पुण्याच्या नव्या इमारतीचें उद्घाटनहि त्याच दिवशीं झालें. परंतु तेथून प्रवाशांची ये-जा सुरू होण्यास जुलै महिना उजाडला. इमारत उभी राहणें आणि ती चालविण्याची माणसें, यंत्रें व परवानग्या जुळणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्यावरून सहज ध्यानांत येईल.

अशा कामांत बाहेरचे सल्लागार नेमावे काय, हा प्रश्न वर्तमानपत्रांतून वारंवार निघतो. "सरकारपाशीं इंजिनीअर नाहींत काय? मग परक्यांस कोट्यवधि रुपये कशास?" असा सामान्य करदात्याचा सवाल असतो, आणि तो रास्त आहे. त्याचें उत्तर कामाच्या स्वरूपांत सांपडतें. विमानतळाची इमारत नवी करावयाची म्हणून विमानें थांबवितां येत नाहींत. एका बाजूस भिंत पाडीत असतांना दुसऱ्या बाजूनें प्रवासी जात असतात. तात्पुरते मार्ग काढावे लागतात. ते काढतांना तपासणी झालेला प्रवासी आणि न झालेला प्रवासी एकत्र येतां कामा नयेत. आगीच्या वेळीं बाहेर पडण्याच्या वाटा एक दिवसहि बंद ठेवतां येत नाहींत. धुळीनें यंत्रें बिघडतात, म्हणून कांहीं कामें रात्रीं शेवटचें विमान गेल्यावर करावीं लागतात. एकेका विमानतळाच्या नोकरवर्गावर असा प्रसंग पंचवीस-तीस वर्षांतून एकदां येतो. उलट हाच ज्यांचा नित्याचा धंदा, त्यांनीं तो दहा ठिकाणीं पाहिलेला असतो. सल्लागाराची खरी किंमत त्याच्या पदवींत नसून दुसऱ्याच्या घरीं झालेल्या चुका त्यास ठाऊक असतात, ह्यांत आहे.

परक्याची विद्या घेण्यांत कमीपणा आहे असें कोल्हापूरकरांनीं तरी मानूं नये. आपला नवा राजवाडा १८८४ सालीं पुरा झाला, तो मेजर चार्ल्स मँट ह्या इंग्रज लष्करी इंजिनीअराच्या आराखड्यावरून. आराखडा परक्याचा, पण दगड येथचा काळा आणि हात येथच्या पाथरवटांचे. स्वतः मँट १८८१ सालींच वारले. राजवाडा त्यांच्यामागें पुरा झाला. आज नव्या विमानतळाच्या दर्शनी भागावर ज्या कमानी दिसतात, त्या आपल्या जुन्या वास्तूंचीच आठवण करून देतात. जें एकेकाळीं परक्यानें रेखाटलें, तेंच आतां कोल्हापूरची ओळख म्हणून मिरवतें आहे!

तथापि सल्लागार नेमणें निराळें आणि त्याचें ऐकणें निराळें. अमेरिकेंतील डेन्व्हर शहरानें नवा विमानतळ बांधतांना प्रवाशांचें सामान यंत्रगाड्यांनीं आपोआप वाहून नेण्याची मोठी योजना आंखली. १९९० सालींच एका सल्लागार संस्थेनें कळविलें होतें कीं, ही योजना फार गुंतागुंतीची असून हाताशीं असलेल्या वेळांत ती साधणार नाहीं. तो सल्ला बाजूस ठेवण्यांत आला. १९९४ सालीं पत्रकारांसमोर चांचणी झाली, तेव्हां पेट्या फुटून कपडे सर्वत्र विखुरले. १९९३ च्या ऑक्टोबरांत उघडावयाचा विमानतळ सोळा महिने उशिरां, २८ फेब्रुवारी १९९५ रोजीं उघडला. आणि तें यंत्र २००५ सालीं कायमचें सोडून द्यावें लागलें. गोड सल्ला ऐकावयाचा आणि कडू सल्ल्याचे नुसते पैसे द्यावयाचे, तर सल्लागार नेमूंच नये हें बरें.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाची पांचवी इमारत हें दुसरें उदाहरण. २७ मार्च २००८ रोजीं ती उघडली. बांधकाम वेळेवर व ठरल्या खर्चांत झालेलें. पण पहिल्याच सकाळीं कामावर येणाऱ्या नोकरांस आपल्या गाड्या कोठें लावाव्या हें कळेना, सामानाच्या यंत्रावर काम करण्याचा सराव पुरेसा झालेला नव्हता, आणि पहिल्या कांहीं दिवसांत शेंकडों उड्डाणें रद्द झालीं. इमारत उघडण्यापूर्वीं तींत माणसें फिरवून रंगीत तालीम घेणें हें ह्या धंद्यांत स्वतंत्र शास्त्र आहे. आणि त्यापुरता अनुभवी माणूस बाहेरून आणणें हा पैसा वायां जात नाहीं. लग्नाच्या आदल्या दिवशीं पंक्ति किती बसतील, वाढपी कोठून येतील, हें ज्या घरांत ठरलेलें असतें त्या घराची अब्रू दुसऱ्या दिवशीं शाबूत राहते. विमानतळाचेंहि तसेंच आहे.

आतां ह्या नाण्याची दुसरी बाजू. मुंबई व दिल्ली येथील विमानतळ खाजगी कंपन्यांच्या हातीं द्यावयाचे ठरले, तेव्हां आलेल्या प्रस्तावांस गुण देण्याचें काम परदेशी तांत्रिक सल्लागारांकडे सोंपविलें होतें. २००५ सालीं त्यांनीं दिलेल्या गुणांविषयीं शंका निघाल्या. सरकारनें दिल्ली मेट्रोचे प्रमुख ई. श्रीधरन् ह्यांच्या नेतृत्वाखालीं तज्ज्ञांचा गट नेमून तपासणी करविली. तेव्हां दोन पात्र कंपन्यांपैकीं एकच पात्र राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें व २००६ च्या नोव्हेंबरांत सरकारचा निर्णय कायम झाला. म्हणजे सल्लागाराच्या कामावरहि जाणत्याची नजर लागते, हाच त्याचा बोध! पुढें मुंबईस जुनें पाडीत आणि नवें उभारीत दुसरी इमारत पुरी झाली. आराखडा अमेरिकेंतील स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल ह्यांचा आणि बांधकाम लार्सन अँड टुब्रो ह्यांचें. १२ फेब्रुवारी २०१४ पासून तेथून विमानें जाऊं लागलीं.

ह्याहून कटु गोष्ट गोव्याकडील आहे. लुई बर्जर ही अमेरिकन सल्लागार संस्था. नवी मुंबईच्या विमानतळाच्या कामींहि सिडकोनें तिचा सल्ला घेतला होता. २०१५ च्या जुलैंत तिनें हिंदुस्थानासह चार देशांत सरकारी कामें मिळविण्यासाठीं लांच दिल्याचें अमेरिकन सरकारपुढें कबूल केलें आणि एक कोटी एकाहत्तर लाख डॉलर दंड भरण्याचें मान्य केलें. हिंदुस्थानांतील त्या कामांत गोव्याच्या पाणीपुरवठ्याचें कामहि होतें. सल्ला देणारा परदेशी म्हणून तो निःस्पृह असेलच असें नाहीं, एवढें तरी आपण ह्यावरून शिकावें.

मग आदर्श कोणता? आमच्या मतें तो शंभर वर्षांपूर्वींच घालून दिलेला आहे. १९०८ च्या सप्टेंबरांत मुसी नदीस महापूर येऊन हैदराबादेंत हजारों माणसें दगावलीं. निजाम सरकारनें १९०९ सालीं एम्. विश्वेश्वरय्या ह्यांस खास सल्लागार म्हणून बोलाविलें. मुंबई इलाख्याच्या नोकरींतून ते नुकतेच मोकळे झाले होते. त्यांनीं पावसाचीं व पुराचीं मोजमापें जमविलीं, नदीचें खोरें तपासलें आणि शहराच्या वरच्या अंगास जलाशय बांधावे असें सांगितलें. त्याच वर्षअखेरीस ते म्हैसूरच्या सेवेंत गेले. परंतु सल्ला लेखी होता, कारणांसह होता; म्हणून उस्मानसागर १९२० सालीं व हिमायतसागर १९२७ सालीं त्यांच्यावांचूनहि पुरे झाले. सल्लागार निघून गेल्यावरहि जो सल्ला उभा राहतो, तोच खरा.

ह्या सर्वांवरून चार गोष्टी निघतात. त्या विमानतळास लागू आहेत तशाच घरासहि आहेत. पहिली, प्रश्न आपला असावा. काय हवें हें ज्यास ठरवितां येत नाहीं त्यास सल्लागार त्याच्या सोयीचें कांहींतरी विकून जातो. दुसरी, त्याचा मोबदला कामाच्या खर्चावर टक्केवारीनें बांधूं नये. खर्च वाढला कीं ज्याची मिळकत वाढते, तो काटकसर कशास सुचवील? केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत सल्लागार निवडतांना गुणवत्ता आणि दर ह्या दोहोंस गुण देण्याची पद्धति सांगितली आहे. नुसता स्वस्त सल्ला पुष्कळदां महाग पडतो, हें त्यांतलें तत्त्व. तिसरी, सल्लागाराबरोबर आपला एक तरुण इंजिनीअर पहिल्या दिवसापासून ठेवावा, म्हणजे तो गेल्यावर विद्या घरांत राहील. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: शेवटचा शब्द एकाचाच असावा, आणि तो त्यानें जबाबदारीनें उच्चारावा. "सल्लागारानें सांगितलें म्हणून केलें" असें ज्या अधिकाऱ्यास म्हणावें लागतें, त्यानें सल्ला घेतलेला नसतो, आपली जबाबदारी भाड्यानें दिलेली असते.

हा विचार दूरच्या विमानतळापुरताच आहे असें कोणीं समजूं नये. आमच्या पेठेपासून चार पावलांवर खासबागेजवळ शाहू महाराजांनीं बांधविलेलें केशवराव भोसले नाट्यगृह आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं त्यास आग लागली, तेव्हां कित्येक कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत पाणी आलें. अशा वास्तूच्या जुन्या भिंती पारखण्यास तज्ज्ञ पाहिजेतच. परंतु तेथें पडद्यामागें आयुष्य काढलेला कामगार, प्रकाशयोजना करणारा, तिकिटें फाडणारा, ह्यांस विचारल्यावांचून आंखलेला नकाशा कितीहि सुंदर असला तरी अपुरा राहील. परसांतलें पाणी कोठें वाहतें हें त्यांसच ठाऊक असतें.

आमच्या घराचें काय झालें, असें वाचक विचारतील. पाणी शिरल्यावर एके रात्रीं सारी मंडळी माजघरांत बसली. दोन तास वादावादी झाली. शेवटीं काकांनीं आपण होऊन सांगितलें कीं, यापुढें त्या गृहस्थांशीं एकट्या दादांनीं बोलावें, आणि दादांनीं बोलण्यापूर्वीं स्वयंपाकघरांत विचारावें. काकांस तें जड गेलें असलें पाहिजे. पण त्यांनीं शब्द पाळला. आढें बदललें, पत्र्याखालील चर वळविला, आणि दसऱ्यास पान जुन्याच जागीं मांडलें. परगांवच्या त्या गृहस्थांसहि त्या दिवशीं जेवावयास बोलाविलें होतें. जातांना ते आमच्या काकूंस म्हणाले, "तुम्हांस आधीं विचारावयास हवें होतें." काकू हंसून म्हणाल्या, "आतां पुढच्या घरीं विचारा म्हणजे झालें."