युरोपचा उन्हाळा, भंडाऱ्याची रोवणी

नेदरलँड्समधलं युट्रेक्ट किंवा स्कॉटलंडमधलं एडिंबरा इथल्या विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग जून ते ऑगस्टमध्ये भरतात. त्याच दिवसांत भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी चालू असते, बैल गुडघाभर चिखलात असतात आणि घटसर्प, एकटांग्या हे रोग डोकं वर काढतात. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने परदेशी जायचं ठरवताना हा मेळ आधी लक्षात घ्यावा. मे महिन्यात आपल्या तालुक्याच्या दवाखान्यासोबत पावसाळ्यापूर्वीच्या लसीकरणाला हिंडावं आणि मग महाविद्यालयाची परवानगी घेऊन विमानात बसावं. गावच्या गुरांचे प्रश्न डोक्यात घेऊन गेलेला विद्यार्थी तिथे नेमकं विचारतो.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. काही आठवड्यांच्या या वर्गांतून प्रमाणपत्र मिळतं, उपचाराचा अधिकार मिळत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार त्यासाठी मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी लागते. ही पदवी साडेपाच वर्षांची असते. भंडाऱ्याच्या मुलांसाठी तिची जवळची जागा म्हणजे नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय. ते 1958 पासून चालू आहे.

मग तिकडे शिकायचं काय? डच गोठ्यातली होल्स्टीन गाय आणि चिखलणीत राबणारा आपला कठाणी बैल यांची तुलनाच नको. पूर्व विदर्भातल्या या कठाणी गोवंशाला स्वतंत्र जात म्हणून नोंद 2023 मध्ये मिळाली. त्याच्याबद्दल युट्रेक्टमध्ये कोणी शिकवणार नाही. शिकण्यासारखी आहे ती त्यांची नोंद ठेवण्याची शिस्त. नेदरलँड्समध्ये जनावरांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचं प्रमाण फार वाढलं होतं. 2009 नंतर तिथे प्रत्येक गोठ्याचा औषधवापर नोंदवला जाऊ लागला, एका गोठ्याची दुसऱ्याशी तुलना होऊ लागली, जास्त औषध लिहून देणाऱ्या पशुवैद्यालाही जाब विचारला जाऊ लागला. दहा वर्षांत वापर साठ टक्क्यांहून अधिक घटला. आपल्याकडे कास सुजली, दगडी झाली की दुकानातून सुई आणून टोचली जाते आणि दुसऱ्या दिवशी तेच दूध संकलन केंद्रावर जातं. औषध दिल्यानंतर किती दिवस दूध विकायचं नाही, हे गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवायची सवय एखाद्या विद्यार्थ्याने चार गावांत लावली, तरी मला त्याचा परदेश प्रवास सार्थकी लागला असं वाटेल.

युरोपच कशाला? दक्षिण आफ्रिकेतलं ऑन्डरस्टेपूर्ट हे पशुवैद्यक शिक्षण-संशोधनाचं केंद्र आपल्याला अधिक जवळचं आहे. गुरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी त्वचारोग पहिल्यांदा 1929 मध्ये आजच्या झांबियात दिसला आणि त्याच्या विषाणूवर ऑन्डरस्टेपूर्टच्या शास्त्रज्ञांनी मूलभूत काम केलं. 2019 मध्ये तो भारतात नोंदला गेला, 2022 मध्ये महाराष्ट्रात त्याने हाहाकार केला आणि आपण शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचून वेळ मारून नेली. शिवाय दक्षिण आफ्रिकेत वन्यप्राणी आणि गुरं एकाच माळावर चरतात, तेव्हा रोग कसा पसरतो हे शिकायला मिळतं. नागझिरा आणि कोका अभयारण्यांच्या कडेला गुरं चारणाऱ्या गावांना हे ज्ञान लागतंच.

तयारीतली एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. लाळ्या-खुरकूत आपल्याकडे अजून आहे, म्हणून परदेशी गोठ्यात शिरण्याआधी काही दिवस जनावरांपासून दूर राहण्याची अट असू शकते. गावातले बूट आणि कपडे सोबत नेऊ नयेत. रेबीजची प्रतिबंधक लस इथूनच पूर्ण करून जावी. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: शिकवणारा नोंदणीकृत पशुवैद्य आहे का, जनावरांना हात लावून काम करता येईल की लांबून पाहायचं, आणि आपलं महाविद्यालय या वर्गाची दखल घेईल का. प्रवेश मिळवून देणाऱ्या दलालाने याची उत्तरं द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच थांबावं.

खर्च मात्र शेतकऱ्याच्या घराला पेलणारा नाही. जिल्हा परिषदेने आणि जिल्ह्यातल्या दूध संस्थांनी मिळून दरवर्षी निदान दोन विद्यार्थ्यांचा भार उचलावा. परतल्यावर वर्षभर जिल्ह्यातल्या गोठ्यांवर काम करण्याची अट घालावी आणि ती पाळलीही जावी.