धमनीच्या भिंतीतील धोका

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना हृदयधमन्या म्हणतात. वाढते वय, धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांमुळे त्यांच्या भिंतीत मेदाचे साठे होतात. या साठ्यास 'प्लाक' असे नाव आहे. प्लाक वाढत जाऊन धमनी पूर्ण बुजली, की हृदयविकाराचा झटका येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात अनेक झटके वेगळ्या रीतीने येतात. धमनीचा मार्ग फारसा अरुंद झालेला नसतानाच प्लाकवरील आवरण फाटते, आतील मेद रक्ताच्या संपर्कात येतो, तेथे गुठळी धरते आणि रक्तप्रवाह थांबतो. म्हणूनच कालपर्यंत जिना चढताना धापही न लागलेली व्यक्ती आज अकस्मात कोसळते.

हा धोका आधी ओळखता येईल का? १९२९ साली जर्मनीतील व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली. १९५८ साली अमेरिकेतील मेसन सोन्स यांनी अशाच नळीतून हृदयधमनीत रंगद्रव्य सोडून तिचे क्ष-किरण चित्र घेतले. हीच आजची अँजिओग्राफी होय. परंतु या चित्रात रक्ताचा मार्ग दिसतो, धमनीची भिंत दिसत नाही. घराच्या भिंतीत ओल मुरली, तरी वरचा रंग काही काळ शाबूत दिसतो, तसेच येथे घडते. प्लाक प्रथम बाहेरच्या बाजूला वाढतो, त्यामुळे मार्ग बराच काळ मोकळा राहतो, हे १९८७ साली सिमोर ग्लागोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

भिंत पाहण्यासाठी आता तीन पद्धती वापरतात. तिन्हींत धमनीत अतिशय बारीक नळी सरकवावी लागते. पहिल्या पद्धतीत नळीच्या टोकाकडून श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडतात. त्यांच्या प्रतिध्वनीवरून प्लाकचा आकार कळतो. दुसरीत अवरक्त प्रकाशाचा उपयोग होतो. तिचे चित्र इतके सूक्ष्म असते, की प्लाकवरील आवरणाची जाडी मोजता येते. हे आवरण ६५ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे पंधराव्या भागापेक्षा पातळ असल्यास ते धोक्याचे मानतात. तिसऱ्या पद्धतीत परत येणाऱ्या प्रकाशाच्या पृथक्करणावरून मेदाचा साठा ओळखतात.

मात्र धोका दिसला म्हणजे अनर्थ अटळ ठरला, असे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉस्पेक्ट' या अभ्यासात ६९७ रुग्णांच्या धमन्या तपासल्या गेल्या. मोठा प्लाक, अरुंद मार्ग आणि पातळ आवरण ही तिन्ही लक्षणे एकत्र असलेल्या ठिकाणांपैकी सुमारे १८ टक्के ठिकाणी तीन वर्षांत त्रास उद्भवला. उरलेली बहुतेक ठिकाणे शांत राहिली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रिव्हेंट' या अभ्यासात १,६०६ रुग्णांचा समावेश होता. त्यात केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ३.४ टक्के रुग्णांना दोन वर्षांत गंभीर त्रास झाला. औषधांसोबत धोकादायक जागी आधीच स्टेंट बसवलेल्यांत हे प्रमाण ०.४ टक्के होते. म्हणजे स्टेंटचा लाभ झाला, पण केवळ औषधांवर असलेल्यांपैकीही बहुसंख्य रुग्ण सुखरूप राहिले. त्यामुळे स्टेंट कोणाला बसवावा, याचा निर्णय प्रत्येक रुग्णाची स्थिती पाहूनच घ्यावा लागतो.

धमनीत नळी घालण्यात थोडा का होईना धोका असतो. म्हणून ही तपासणी निरोगी माणसासाठी नाही. अन्य कारणाने अँजिओग्राफी करावी लागलेल्या रुग्णांतच ती केली जाते. शिवाय प्लाकचा विकार एकाच जागी थांबत नाही, तो अनेक धमन्यांत पसरलेला असतो. स्टेंट एक जागा सावरतो. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे मात्र सर्वच प्लाकांमधील मेद घटवतात आणि त्यांवरील आवरण जाड करतात. तंबाखूचा त्याग, रक्तदाब व मधुमेहावर नियंत्रण आणि नियमित औषधे यांचे मोल यंत्राच्या डोळ्याला भिंत दिसू लागल्याने कमी झालेले नाही. उलट ते अधिक स्पष्ट झाले आहे.