गाणे कोण गातो आणि मते कोण मोजतो?

शनिवार-रविवारची रात्र झाली की आपल्या पुण्यात मंगळवार पेठ, ताडीवाला रोड, येरवडा, बोपोडी, दापोडी, कुठेही जा, घराघरांतून गाण्याच्या स्पर्धेचा आवाज कानी पडतो. समोर जेवणाची ताटे असतात आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे परीक्षक झालेले असतात. आपल्या आवडीचा गायक बाहेर पडला की मुले रुसतात, मोठी माणसे चिडतात. तो गायला कमी पडला, की मोजणीत कमी पडला? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर अशा स्पर्धांचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

गाण्याचा सामना आपल्याला नवा नाही. कव्वालीचे मुकाबले रात्र-रात्र चालत. एका पार्टीने सवाल टाकायचा, दुसरीने जबाब द्यायचा. दाद देणारे समोरच बसलेले असत, त्यामुळे कोण सरस ठरले ते पहाटेपर्यंत सर्वांना कळे. पण गायक एका देशात, ऐकणारा दुसऱ्या देशात आणि निकाल दूरचित्रवाणीवर, ही रीत रुजवली ती युरोपने.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. काल-परवापर्यंत एकमेकांवर बॉम्ब टाकणाऱ्या देशांच्या प्रसारण संस्थांनी १९५० मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन स्थापन केली. एकच कार्यक्रम अनेक देशांत एकाच वेळी दाखवता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. इटलीतील सान रेमो गीत महोत्सवाचा नमुना त्यांच्यापुढे होता. त्यातून २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो गावी पहिली ‘युरोव्हिजन’ स्पर्धा झाली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी, अशी एकूण चौदा गाणी. स्वित्झर्लंडची लिस आसिया जिंकली. पण कोणाला किती गुण मिळाले, ते कधीच जाहीर झाले नाही.

लोकांना अशी गुप्त मोजणी पटत नाही. पुढच्याच वर्षापासून गुण सर्वांसमोर जाहीर होऊ लागले आणि परीक्षकांनी स्वतःच्या देशाला मत द्यायचे नाही, असा नियम झाला. तरीही १९६९ साली स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स यांचे गुण सारखे झाले. बरोबरी सोडवण्याचा नियमच नव्हता, म्हणून चौघांनाही विजेते ठरवावे लागले! १९७५ पासून प्रत्येक देशाने आवडत्या दहा गाण्यांना १ ते ८, मग १० आणि १२ असे गुण द्यायचे ठरले. देश लहान असो वा मोठा, त्याच्या हाती गुण तेवढेच.

१९९७ साली पाच देशांत टेलिफोनवरून प्रेक्षकांची मते घेतली गेली. पुढे ही पद्धत सर्वत्र पसरली, तेव्हा शेजारी देश एकमेकांनाच मते देतात, अशी ओरड सुरू झाली. म्हणून २००९ पासून अंतिम फेरीत निम्मे वजन परीक्षकांना आणि निम्मे प्रेक्षकांना दिले गेले. सांगायचे म्हणजे, गाण्याच्या या स्पर्धेत मोजणीचे नियम पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे लागले.

आपल्याकडे ‘झी’वर १९९५ साली ‘सा रे ग म’ सुरू झाले. २००४ मध्ये ‘सोनी’वर ‘इंडियन आयडॉल’ आले. त्याचा मूळ साचा ब्रिटनच्या २००१ सालच्या ‘पॉप आयडॉल’चा. या साच्यातल्या निरनिराळ्या देशांच्या विजेत्यांची एक जागतिक स्पर्धाही २००३ च्या अखेरीस लंडनमध्ये झाली. ती जिंकली नॉर्वेच्या कर्ट निल्सनने. हा गडी व्यवसायाने प्लंबर होता. नळ दुरुस्त करणारे हातही माईक धरू शकतात, हे कष्टकऱ्यांच्या मुलांनी लक्षात ठेवावे.

‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता ठरला मुंबईचा मराठी तरुण अभिजीत सावंत. मार्च २००५ मध्ये तो जिंकला आणि डिसेंबर २००७ मध्ये इंडोनेशियाच्या जकार्ता शहरात ‘एशियन आयडॉल’साठी भारतातर्फे उभा राहिला. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाइन्स, सिंगापूर, व्हिएतनाम आणि भारत असे सहा देश होते. लोकसंख्येने भारत सर्वांत मोठा. मग आपणच जिंकणार, असे कोणालाही वाटेल. पण मत देणाऱ्याने दोन वेगवेगळी नावे द्यायची, असा तिथे नियम होता. पहिले नाव साहजिकच आपल्या देशाचे. दुसरे मात्र परक्या गायकाला द्यावेच लागे. जिंकला तो सहांतल्या सर्वांत लहान देशाचा, सिंगापूरचा हादी मिर्झा.

याच वर्षी आपल्या देशात उलटे चित्र दिसले. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसातला शिपाई, ‘इंडियन आयडॉल’ जिंकला. त्याच्यासाठी डोंगराळ भागातल्या लोकांनी वर्गणी काढून मते पाठवली. दुर्लक्षित मुलखाला आपला माणूस पडद्यावर दिसला, त्याचा हा आनंद होता. तो आम्हाला समजतो. पण एका फोनवरून हवे तितके संदेश पाठवता येतात, तिथे ज्याचा खिसा मोठा त्याचे मत मोठे होते. एक माणूस, एक मत, एक मूल्य हे बाबासाहेबांचे सूत्र मानणाऱ्यांना यातली खोच वेगळी सांगायला नको. शिवाय असा संदेश साध्या संदेशापेक्षा महाग असे आणि त्या पैशात फोन कंपनीबरोबर वाहिनीचाही वाटा असे.

म्हणून गाणे ऐकू नये, असे आमचे म्हणणे नाही. आपल्या पुण्याजवळच्या आळंदीची कार्तिकी गायकवाड २००९ साली ‘लिटिल चॅम्प्स’ जिंकली. पुण्याची आर्या आंबेकर त्याच अंतिम फेरीत होती, जिंकली नाही. पण आज तीही नावाजलेली गायिका आहे. विदर्भाच्या वैशाली माडेने आधी मराठी आणि २००९ मध्ये हिंदी ‘सा रे ग म प’ जिंकले. पुढे ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटात तिचा आवाज देशभर पोहोचला. स्पर्धेने या मुलींना दार उघडून दिले. आत टिकवले ते त्यांच्या रियाजाने.

तेव्हा घरात मूल गात असेल, तर आई-वडिलांनी मतांवर पैसे घालवण्याऐवजी पेटी-तबल्याच्या शिकवणीला द्यावेत. चाचणीला पाठवताना शाळा बुडू देऊ नये. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो जाणत्याकडून वाचून घ्यावा. आणि मूल हरून परत आले तर ‘मते कमी पडली’ असे त्याला नीट समजावून सांगावे, म्हणजे ‘माझा आवाजच वाईट’ हा समज त्याच्या मनात घर करणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा पेटीसमोर बसवावे.