घरातली वीज (लेखांक ७) : यूपीएसची बॅटरी का बसते?

लाइट जाते, यूपीएस जेमतेम एकदा बीप करतो आणि त्याच क्षणी संगणकाचा पडदा काळा होतो. दोन-तीन वर्षांपूर्वी हाच यूपीएस पंधरा-वीस मिनिटे आरामात खेचत होता. मग घरात ठरते, यूपीएस बिघडला, नवा आणा. प्रत्यक्षात अनेकदा त्याचे सर्किट ठणठणीत असते. संपलेली असते ती फक्त आतली बॅटरी, आणि ती बदलता येते.

घरगुती ६०० व्हीए यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. आकार लहान, पण शिशामुळे वजन दोन किलोच्या वर. आत प्रत्येकी सुमारे २ व्होल्टचे सहा कप्पे असतात. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचेच हे सुधारित रूप. इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, तसे इथे घालायचे नसते. सल्फ्युरिक आम्ल प्लेटांमधल्या काचतंतूंच्या थरात शोषलेले असते आणि चार्जिंगमध्ये निघणाऱ्या बहुतेक वायूंचे आतच पुन्हा पाणी होते.

मग ती बसते कशाने? बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते आणि चार्ज होताना ते विरघळून मूळ पदार्थ परत मिळतात. मात्र बॅटरी बराच काळ उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात. ते मग सहजी परत फिरत नाहीत. महिनाभर गावी जाताना मुख्य स्विच बंद केला आणि यूपीएस मात्र चालूच राहिला, तर तो बॅटरी पार उतरवून ठेवतो. त्यातून नेमके हेच नुकसान होते.

दुसरे कारण अनेकांना चकवते. ‘आमच्याकडे लाइट जातच नाही, मग बॅटरी गेलीच कशी?’ हा प्रश्न दुरुस्तीच्या दुकानात नेहमी ऐकू येतो. प्लगमध्ये असलेला यूपीएस बॅटरीला दिवसरात्र साधारण १३.५ ते १३.८ व्होल्टवर चार्ज ठेवत असतो. त्या अवस्थेतही धन प्लेटची शिशाची जाळी हळूहळू गंजते आणि झडपेतून थोडे थोडे पाणी उडून जाते. न वापरलेली बॅटरीही म्हातारी होतेच. म्हणून चांगल्या स्थितीतही तिचे आयुष्य तीन ते पाच वर्षांचे धरतात.

हे आयुष्य २०-२५ अंश तापमानाच्या हिशेबाने सांगितलेले असते. तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिले, तर आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. नागपूर, अकोला, चंद्रपूर इथल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तिथे टेबलाखालच्या बंद कप्प्यात कोंबलेल्या यूपीएसची बॅटरी दोन वर्षांतच बसली, तर त्यात नवल नाही. यूपीएस मोकळ्या हवेत ठेवावा, त्याची हवेची छिद्रे भिंतीला चिकटू नयेत आणि खिडकीतले ऊन त्यावर पडू नये.

बॅकअपचा हिशेबही फसवा असतो. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. तेव्हा १०० वॉटचा संगणक पन्नास मिनिटे चालायला हवा. पण ७ अँपिअर-तास हा आकडा वीस तास सावकाश, म्हणजे ०.३५ अँपिअरने, वापरल्यावरचा असतो. संगणक मात्र तिच्यातून दहाएक अँपिअर ओढतो. प्रवाह वाढला की मिळणारी क्षमता घटते, त्यामुळे नवी बॅटरीही वीसेक मिनिटेच पुरते. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की या व्यवसायात बॅटरी संपली असे मानतात, कारण पुढची घसरण वेगाने होते.

ही घसरण आधी ओळखता येते. दर तीन महिन्यांनी काम सेव्ह करून भिंतीवरचा स्विच बंद करावा आणि संगणक किती मिनिटे चालतो ते पाहावे. प्लग उपसू नये, कारण त्याने अर्थिंगही तुटते. मिनिटे पहिल्या नोंदीच्या निम्म्यावर आली, की नव्या बॅटरीची तयारी करावी. बॅटरी फुगलेली दिसली, तर चाचणीची वाट न पाहता यूपीएस बंद करावा.

नवी घेताना व्होल्ट, अँपिअर-तास, आकार आणि टर्मिनलची रुंदी (४.७५ की ६.३५ मिलिमीटर) जुन्याशी जुळवावी. उत्पादनाची तारीख जरूर पाहावी. चार्ज न करता सहा महिन्यांहून अधिक काळ दुकानात पडलेली बॅटरी घेऊ नये. यूपीएसमध्ये दोन बॅटऱ्या असतील, तर दोन्ही एकदमच बदलाव्यात. शिशाच्या बॅटरीसाठी बनलेल्या चार्जरवर लिथियम बॅटरी जोडू नये. स्क्रू खोलून आत हात घालावा लागणार असेल, तर हे काम जाणकाराकडे द्यावे.

राहते जुनी बॅटरी. ती भंगारात देऊ नये. बेकायदा भट्ट्यांत अशा बॅटऱ्या फोडून शिसे उघड्यावर वितळवतात. त्याचा धूर आणि धूळ आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते, आणि मुलांसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही. केंद्राच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. विक्रेते जुन्या बॅटरीची किंमत वजाही करतात. नवी घेतानाच जुनी दुकानात जमा करावी, बिलावर तशी नोंद मागावी आणि नव्या बॅटरीवर बसवल्याची तारीख ठळक लिहून ठेवावी.

(पुढील लेखांक : वायफाय राउटरसाठीचे छोटे यूपीएस)