सामाईक भिंत आणि चार्जिंगचे ड्रिल

रमजान जवळ आला की घरोघरी झाडलोट, रंगकाम निघते. पडद्याचा रॉड, भिंतीवरची फळी, निखळलेली खुंटी ही कामे शाबानमध्येच उरकायची असतात. पूर्वी त्यासाठी सुताराची वाट पाहावी लागे. आता धुळ्यात चार्जिंगचे ड्रिल हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते आणि गल्लीत एकाकडे असले की दहा घरांत फिरते. यंत्र तसे जुनेच. अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने बॅटरीवरचे पहिले ड्रिल १९६१ मध्ये आणले होते. लिथियमच्या हलक्या बॅटरीमुळे ते आपल्या घरांपर्यंत पोहोचले.

आम्हीही असेच एक मागून आणले. कुरआन शरीफ ठेवायला फळी बसवायची होती आणि जागा होती ती शेजारच्या खालांच्या व आमच्या घरामधली सामाईक भिंत. आमच्या बाजूने त्या भिंतीवर ना बोर्ड, ना वायर. निर्धास्तपणे लांब बिट लावला आणि दाबत गेलो. भिंत साडेचार इंची. एक ठिणगी उडाली आणि पलीकडचा पंखा बंद पडला. त्यांच्या बोर्डाची वायर बरोबर तिथून गेली होती. भर दुपारी, आजारी माणूस पलंगावर. खाला रागावल्या नाहीत, "आधी सांगितलं असतं तर?" एवढेच म्हणाल्या. वायरमन येऊन वायर जोडेपर्यंत असरची वेळ झाली.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकूड बसवायचे असेल तर त्याला अडवू नये, असा तिचा आशय. हे वाजिब की मुस्तहब, यावर फुकहांत मतभेद आहेत. पण भिंतीला नुकसान पोहोचवायची मुभा त्यातून कोणी काढत नाही. अडवू नये हा शेजाऱ्याला आदेश असेल, तर विचारूनच हात लावावा हे आपल्याकडे आलेच.

विचारण्याचा दुसरा फायदा जिवाचा आहे. वायरचे ड्रिल चालवायचे तर वीज चालू ठेवावीच लागते. चार्जिंगच्या ड्रिलला ती गरज नाही. म्हणून भोक पाडताना आपले मेन स्विच बंद करावे आणि भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांनाही दहा मिनिटे बंद करायला सांगावे. आमच्या मते हे यंत्र घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. बोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत वायरी जातात. तिथे भोक पाडूच नये. नळाची पाइपलाइनही अशीच.

आता प्रत्यक्ष काम. बिट बदलताना आधी बॅटरी काढावी. विटेच्या भिंतीसाठी टोकाला कार्बाइड असलेला बिट लागतो. लाकडाचा बिट तिथे दोन मिनिटांत बोथट होतो. ६ मिलिमीटरच्या गिट्टीला ६ मिलिमीटरचाच बिट घ्यावा. गिट्टीच्या लांबीपेक्षा थोडे जास्त अंतर मोजून बिटवर चिकटपट्टी गुंडाळावी, की त्यापुढे जायचे नाही. (ही पट्टी आम्ही लावली असती तर खालांचा पंखा चालू राहिला असता.) ड्रिल भिंतीला काटकोनात धरून सुरुवात हळू करावी, मग हातोडीच्या खुणेवर न्यावे. फरशीवर मात्र हातोडी अजिबात नको, टाइल तडकते.

भुशाकडे लक्ष ठेवावे. लाल निघाला तर वीट आहे. राखाडी निघत राहिला आणि बिट पुढे सरकेना, तर समोर सिमेंट काँक्रीट आहे. पडद्याचा रॉड खिडकीच्या वर लागतो आणि तिथे बहुधा लिंटल असते, म्हणून हाच अनुभव वारंवार येतो. जोर लावू नये. मोटर तापते, बिट अडकला तर मनगट पिरगळते. तिथे वायरमनचे मोठे हॅमर मशीन बोलवावे.

स्क्रू आवळताना चकमागची आकड्यांची कडी लहान आकड्यावर ठेवून गरजेनुसार वाढवावी, म्हणजे स्क्रूचे डोके झिजत नाही. ओढणी, दुपट्टा, सैल बाही आवरून घ्यावी. कापडी हातमोजे घालू नयेत, फिरणारा बिट त्यांना ओढून घेतो. डोळ्यांवर चष्मा हवा. स्टूल डुगडुगते असेल तर काम उद्यावर टाकावे. आमची फळी शेवटी मोठ्या मुलीने बसवली, आमच्यापेक्षा सरळ.

धुळ्याच्या मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. लिथियमची बॅटरी अशा उन्हात, पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. चार्जिंग फजरनंतर गारव्यात करावे. कामावरून गरम झालेली बॅटरी आधी निवू द्यावी. फुगलेली बॅटरी चार्जरला लावूच नये.

आवाजाची वेळही पाहावी: अजान, दुपारची झोप, परीक्षेचे दिवस. मागून आणलेले ड्रिल अमानत आहे, ते चार्ज करून आणि बिट मोजून परत द्यावे. आमच्या गल्लीत सध्या ५ चा एक बिट हरवला आहे आणि तो कोणाकडे आहे हे कोणीच कबूल करत नाही.