सॅन डिएगोहून ट्यूनाच्या शिकारीस

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो बंदरातून उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मित्रमंडळींनी वर्गणी करून नौका ठरवावी आणि खोल समुद्रात ट्यूना गळाला लावावा, हा बेत वरकरणी निव्वळ मौजेचा भासला, तरी मासे पुष्कळदा मेक्सिकोच्या हद्दीत गवसत असल्यामुळे पारपत्र आणि त्या सरकारचे परवाने यांची तजवीज आधीच करावी लागते. अमेरिकेच्या हद्दीत ब्लूफिन जातीचे माणशी दिवसाला दोनच मासे ठेवण्याची मुभा आहे. ओकारीचे औषध नौका सुटण्यापूर्वीच घ्यावे. नंतर घेऊन उपयोग थोडा, आणि फजिती मात्र सर्वांसमक्ष होते.

तांडेल तरंगत्या समुद्रशैवालाचे पुंजके व घिरट्या घालणारे पक्षी हेरतो, आणि जिवंत तारली गळाला लावून पाण्यात सोडली जाते. परंतु खरे मर्म पुढेच आहे. बहुतेक माशांच्या उलट, ट्यूना हा स्नायूंत उत्पन्न झालेली उष्णता, परस्परांलगत विरुद्ध दिशांनी रक्त वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या जाळ्यामुळे, अंगातच राखून ठेवतो. म्हणून दीर्घ झुंजीत त्याचे शरीर तापते, आणि तत्काळ रक्त काढून त्यास बर्फाच्या पाण्यात न बुडविल्यास मांसाची प्रत बिघडते. बर्फात काटकसर करणाऱ्या मित्राकडे सहलीचा बंदोबस्त सोपवू नये.