हमरिया: बदनामी, भीती आणि वस्तुस्थिती

हमरिया हा मस्कत शहराच्या मुत्रह विलायतीतला (विलायत म्हणजे प्रशासकीय विभाग), रुवीला लागून असलेला दाट वस्तीचा भाग आहे. एका बाजूला वादी कबीरची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला वादी अदईचा रस्ता आणि मध्ये जुन्या, तीन-चार मजली इमारतींच्या रांगा. 1973 पर्यंत ओमानचा विमानतळ जवळच, बैत अल फलज किल्ल्यापाशी होता. तो सीबला हलल्यावर रुवीचे खोरे बँका, कार्यालये आणि दुकानांनी भरले आणि त्या कामांवर येणाऱ्या माणसांना परवडणारे घर हमरियात मिळू लागले. पुढे अनेक ओमानी कुटुंबे सीब, बौशर, अमरातकडे सरकली. मागे राहिलेल्या घरांत भारत, पाकिस्तान, बांगलादेशातले कामगार खोल्या वाटून राहू लागले. कोकणातून आखातात गेलेल्या मराठी माणसांनाही रुवी, दारसेत आणि हमरिया हा पट्टा चांगला परिचयाचा आहे. या भागापासून जपून राहण्याचा इशारा बहुतेकांना तिथे पोहोचण्याआधीच ऐकू आलेला असतो. त्या इशाऱ्यात थोडे खरे असते, पण बरेचसे तपासून पाहण्यासारखे असते.

गैरसमज: हमरिया म्हणजे गुन्हेगारांचा अड्डा

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. चोरी, मारहाण, लूट हे गुन्हे आहेत. रस्त्यावर थुंकणे, फुटपाथ अडवून विनापरवाना माल मांडणे, रात्री आरडाओरडा, बेवारस गाड्या, कोपऱ्यावर घुटमळणारे दलाल या सगळ्याला सार्वजनिक बेशिस्त म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारामुळे अस्वस्थ वाटते आणि मन त्या अस्वस्थतेवरून पहिल्या प्रकाराचा अंदाज बांधते. हमरियाची ओळख मुख्यतः दुसऱ्या प्रकारची आहे. हिंसक गुन्ह्यांच्या बाबतीत ओमान जगातल्या शांत देशांत गणला जातो आणि हमरियातल्या दुकानदाराचा किंवा गवंड्याचा रोजचा दिवस धोक्यात जात नाही.

बेशिस्तीतूनच पुढे मोठे गुन्हे जन्मतात, असा युक्तिवाद 1982 मध्ये जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग या अमेरिकी अभ्यासकांनी मांडला. इमारतीची एक फुटकी खिडकी दुरुस्त झाली नाही की बाकीच्याही फुटतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते जगभर गाजले आणि अनेक शहरांच्या पोलिसांनी उचलले. 1999 मध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडनबुश यांनी शिकागोच्या वस्त्यांची बारकाईने पाहणी केली तेव्हा चित्र बदलले. बेशिस्त आणि गुन्हे या दोहोंची मुळे गरिबीत आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास नसण्यात सापडली. ही दोन कारणे लक्षात घेतल्यावर बेशिस्तीचा गुन्ह्यांशी थेट संबंध बराच कमकुवत झाला. हमरियात भाडेकरू वर्ष-दोन वर्षांत बदलतात, एका मजल्यावर चार भाषा बोलल्या जातात आणि शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते. शिकागोची पाहणी अशा ठिकाणाविषयी जास्त सांगते.

गैरसमज: संध्याकाळी रस्त्यावर जमणारे घोळके काहीतरी वाईट करण्यासाठी जमतात

हा गैरसमज सर्वांत घट्ट आहे आणि सर्वाधिक अन्याय करणाराही. तो समजून घ्यायचा तर आधी खोलीत डोकावावे लागते. हमरियात अनेक जण ‘बेडस्पेस’वर राहतात, म्हणजे खोली नव्हे, तर खोलीतला एक पलंग भाड्याने घेतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक असते. पाळीने काम करणारे पाळीने झोपतात, त्यामुळे जागेपणी खोलीत बसता येत नाही. उन्हाळ्यात दिवसा बाहेर थांबणेही कठीण असते. म्हणूनच जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे. सूर्य कलल्यावर माणसे खाली येतात, चहा घेतात, गावी फोन लावतात, गावाकडच्या ओळखीच्या माणसाला भेटतात. 2013 पासून ओमानात शुक्रवार-शनिवार साप्ताहिक सुट्टी आहे, पण बांधकामावरच्या अनेकांच्या वाट्याला फक्त शुक्रवार येतो. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी रुवी आणि हमरियाचे रस्ते पुरुषांनी भरून जातात. बसायला बाक नाही, बाग जवळ नाही, हॉटेलात तासभर बसायला पैसे नाहीत; मग कट्टा आणि गाडीचे बॉनेट हीच बैठक होते.

सकाळचे घोळके वेगळ्या कारणाने जमतात. ते मुंबईच्या नाका कामगारांसारखे, मुकादम आणि पिकअपची वाट पाहणारे रोजंदारीवाले असतात. त्यांच्यातले अनेक जण ‘फ्री व्हिसा’ नावाच्या व्यवहारातून आलेले असतात. अशा व्हिसाची कायद्यात कुठेही तरतूद नाही. कागदावरचा मालक पैसे घेऊन व्हिसा काढतो, पुढेही ठरावीक रक्कम वसूल करत राहतो आणि काम मात्र माणसाने स्वतः शोधायचे असते. ओमानच्या कामगार कायद्यानुसार परवानगीशिवाय दुसऱ्याकडे काम करणे आणि करून घेणे दोन्ही गुन्हे आहेत. 2003 च्या कायद्याची जागा 2023 च्या नव्या कायद्याने (शाही फर्मान 53/2023) घेतली तरी हे तत्त्व कायम राहिले. धाड पडली की पळतो तो कामगार. व्हिसा विकणारा तिथे नसतोच. सुटकेचे मार्ग सरकार वेळोवेळी उघडते. नोव्हेंबर 2020 मध्ये दंड न भरता देश सोडण्याची सवलत जाहीर झाली, तर 2025 मध्ये मुदत संपलेल्या लेबर कार्डांचे दंड माफ करून कागदपत्रे नियमित करण्याची संधी दिली गेली.

या माणसांविषयीची भीती आणखी एका अर्थाने उलटी आहे. पोलीस असल्याची बतावणी करून कामगारांना अडवायचे, ‘पताका’ म्हणजे निवासी कार्ड दाखवायला सांगायचे आणि पाकीट रिकामे करायचे, या प्रकाराविषयी रॉयल ओमान पोलिसांनी इशारे दिलेले आहेत. ज्याचे कागद अपुरे आहेत तो तक्रार करायला जात नाही, हे लुटणाऱ्याला पक्के ठाऊक असते. त्यामुळे ज्यांची भीती बाळगली जाते तेच सहज लुबाडले जातात आणि त्यांचे नुकसान कोणत्याही आकडेवारीत उतरत नाही. गुन्ह्यांची नोंद कमी आहे एवढ्यावरून सगळे आलबेल आहे असे ठरवताना ही फट विसरता कामा नये.

गैरसमज: परदेशी माणसे कमी झाली की सुरक्षितता आपोआप येईल

2020 च्या जनगणनेनुसार ओमानची लोकसंख्या सुमारे 44 लाख 71 हजार होती आणि तिच्यात सुमारे 39 टक्के परदेशी होते. इतक्या मोठ्या समूहाला एका स्वभावाचे ठरवता येत नाही. देशाला हादरवून टाकणारी घटना 15 जुलै 2024 रोजी हमरियापासून जवळच, वादी कबीरमधल्या इमाम अली मशिदीजवळ घडली. गोळीबारात चार पाकिस्तानी, एक भारतीय आणि एक पोलीस कर्मचारी मृत्युमुखी पडले. मारले गेलेले तिघे हल्लेखोर ओमानी नागरिक, सख्खे भाऊ होते, असे पोलिसांनी जाहीर केले. जबाबदारी इस्लामिक स्टेटने घेतली. यावरून ओमानी लोकांविषयी काही ठरवणे जितके चूक, तितकेच एखाद्या दलालावरून सगळ्या बांगलादेशी किंवा भारतीय कामगारांविषयी ठरवणे चूक.

एप्रिल 2020 मध्ये कोरोनामुळे मुत्रह विलायत बंद करण्यात आली. जूनमध्ये विलायतीचा बराच भाग खुला झाला तेव्हाही हमरिया आणि आसपासचे काही भाग आणखी काही दिवस बंद राहिले. तेव्हा ‘या लोकांच्या बेफिकिरीमुळे’ असा सूर निघाला. त्याच महिन्यांत सिंगापूरमध्येही कामगारांच्या वसतिगृहांत संसर्ग झपाट्याने पसरला होता. एका खोलीत सहा-आठ पलंग असतील तर तिथला माणूस कितीही काळजीवाहू असला तरी अंतर राखू शकत नाही.

गैरसमज: देहविक्रय करणाऱ्या बाया स्वखुशीने येतात

हमरियाच्या बदनामीचा मोठा वाटा याच विषयाचा आहे, म्हणून तो टाळून चालणार नाही. देहविक्रय ओमानात गुन्हा आहे. परंतु आखातात पोहोचणाऱ्या बायांपैकी काहींना घरकाम किंवा ब्यूटी पार्लरच्या नोकरीचे आमिष दाखवून, व्हिजिट व्हिसावर आणून, पासपोर्ट काढून घेऊन या धंद्यात ढकलले जाते. असे घडले तर तो मानवी तस्करीचा गुन्हा होतो. ओमानने त्यासाठी 2008 मध्ये स्वतंत्र कायदा केला (शाही फर्मान 126/2008) आणि राष्ट्रीय समितीही नेमली. फसवून वा जबरदस्तीने आणलेली बाई कायद्याच्या दृष्टीने पीडित असते. भारत सरकारनेही दहावीपेक्षा कमी शिकलेल्या स्त्रियांना घरकामासाठी आखातात जाण्यास 30 वर्षे वयाची अट आणि ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीची सक्ती ठेवली आहे. व्हिजिट व्हिसावर नोकरी देऊ करणारा एजंट नेमके हेच टप्पे चुकवतो.

गैरसमज: किरकोळ बेशिस्त तिथेही खपून जाते

ओमानात ती खपत नाही आणि नवख्या माणसाला याचाच फटका बसतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनासाठी 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची 110 आणि 117 ही कलमे लागतात आणि प्रकरण बहुधा दंडावर मिटते. ओमानच्या 2018 च्या दंडसंहितेत (शाही फर्मान 7/2018) शिवी देणे, अपमानकारक हातवारा करणे हेही फौजदारी गुन्हे आहेत. परदेशी माणसाच्या बाबतीत शिक्षेपाठोपाठ हद्दपारी येऊ शकते. गैरमुस्लिम रहिवाशाला परवाना काढून दारू विकत घेता येते, ती दुकानातून घरी नेता येते, पण रस्त्यावर पिता येत नाही. चघळण्याच्या तंबाखूची विक्री बंद आहे. तरीही ती चोरून चालते आणि भिंतींवरचे लाल डाग तिची साक्ष देतात. ‘बलदिया’, म्हणजे मस्कत नगरपालिका, रस्त्यातून दिसेल असे बाल्कनीत कपडे वाळत घालण्यावर आणि गाडी बेवारस सोडण्यावरही कारवाई करते. गाडीवर आधी नोटीस चिकटते, मुदत संपली की गाडी उचलली जाते.

गैरसमज: कॅमेरे आणि गस्त वाढवली की काम झाले

कॅमेऱ्यांवर जगभर झालेल्या अभ्यासांत त्यांचा सर्वांत स्पष्ट उपयोग वाहनतळांवर दिसला. रस्त्यावरची भांडणे आणि हिंसा त्यांच्यामुळे फारशी कमी होत नाहीत. पायी गस्तीचा प्रयोग अमेरिकेतल्या नेवार्क शहरात झाला आणि त्याचा अहवाल 1981 मध्ये आला. गुन्ह्यांचे प्रमाण तसेच राहिले, पण रहिवाशांची भीती कमी झाली. भीती कमी होणे हीही मोठी गोष्ट आहे. हमरियासारख्या ठिकाणी मात्र खोलीतली माणसांची संख्या, बसण्याच्या जागा, गल्लीतले दिवे आणि व्हिसा विकणाऱ्यावरची कारवाई या चार गोष्टींनी जास्त फरक पडेल. गस्तीची गाडी निघून गेल्यावर फेरीवाला पुन्हा त्याच कोपऱ्यावर येतो, कारण त्याला जायला दुसरी जागा नसते.

सार्वजनिक सुरक्षिततेत रस्ते आणि पाणीही येते, हे चोरांच्या चर्चेत मागे पडते. 2012 मध्ये ओमानच्या रस्त्यांवर हजाराहून अधिक माणसे मेली. 2020 पर्यंत हा आकडा निम्म्याहून खाली आला. वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्राला, पूर आला की काही मिनिटांत रस्ता नदी होतो. जून 2007 च्या गोनू चक्रीवादळात मस्कतने ते पाहिले आहे. पूर आलेली वादी गाडीने ओलांडणे गुन्हा आहे.

गैरसमज: पोलिसांकडे गेले की आपणच अडकतो

ज्याचे निवासी कार्ड वैध आहे त्याला तक्रार केल्यामुळे देश सोडावा लागत नाही. ज्याचे कागद संपले आहेत त्याला मात्र ही भीती खरी आहे. त्याने आधी दूतावासाचा सल्ला घेणे शहाणपणाचे. आणीबाणीचा क्रमांक 9999 आहे. साध्या कपड्यांतला माणूस अडवत असेल तर त्याला पोलिसाचे ओळखपत्र दाखवायला सांगता येते, आणि पाकीट त्याच्या हाती देण्याचे काहीच कारण नसते. अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. हा हक्क 1963 च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. मस्कतमधला भारतीय दूतावास तक्रारी ऐकण्यासाठी खुली बैठक घेतो आणि अडचणीत सापडलेल्यांना भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदत किंवा परतीचे तिकीट मिळू शकते. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि कामाच्या कराराची छायाप्रत उपयोगी पडते. मालकाने मूळ पासपोर्ट ठेवून घेतला असेल तर तेही तक्रारीत लिहावे, कारण कामगाराच्या लेखी संमतीशिवाय पासपोर्ट ठेवून घेण्याचा मालकाला अधिकार नाही.